भावोजींचा अंगणातला गॅस

आमच्या घरी पाहुणा आला की गूळपाणी, चहा हे सगळं मागाहून. आधी माझे मोठे दीर ओटीवर पुढे व्हायचे आणि त्याला विचारायचे, "घरून जाऊन आलात, की जायचंय?" पाहुणा गोंधळायचा. कुठे जाऊन आलात? मग भावोजी परसाकडे हात करायचे आणि चार बायाबापड्यांदेखत खणखणीत आवाजात सांगायचे, "संडास तिकडे आहे. लाजू नका. नैसर्गिक आहे सगळं."

मी माजघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पुढे जावं तर पाहुण्याच्या तोंडाकडे बघवत नाही, मागे जावं तर पाणी कोण देणार? दासगावचे माझे मामा एकदा असेच आले होते. साठी उलटलेला माणूस, कपाळाला गंध, हातात केळ्यांची फणी. त्यांनी भावोजींचा प्रश्न ऐकला, केळी ओटीवर ठेवली आणि म्हणाले, "येस्टी चुकेल माझी." वास्तविक ते आत्ताच येस्टीतून उतरले होते.

आमचं घर महाडहून पोलादपूरला जाणाऱ्या रस्त्यालगत. आमच्या ह्यांचं महाडात चवदार तळ्याजवळ वह्यापुस्तकांचं दुकान, त्यामुळे ते सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. म्हणजे भावोजींची लाज त्यांच्या वाट्याला फक्त रविवारी. माझ्या वाट्याला बारा महिने तेरा काळ.

भावोजी म्हणजे रिटायर झालेले ग्रामसेवक. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. उभी नोकरी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधून गेली आणि त्यातली निम्मी लोकांना गोबरगॅस समजावण्यात. शेणाची टाकी बांधा, तिला संडास जोडा, गॅस मिळवा, खत मिळवा. लोक मान डोलवायचे, चुलीवरचा चहा पाजायचे आणि विचारायचे, "भाऊसाहेब, तुमच्या घरी हाय का ओ?" भावोजींना खोटं बोलता येत नाही. "नाही," म्हणायचे. "मग?" म्हणायचे लोक. सरकारी पैशात एका वाडीवर संडास बांधून झाले तर त्यात लोकांनी पेंढा भरून ठेवला. हे सगळं ते मला इतक्यांदा सांगून चुकलेत की त्या पेंढ्याचा रंगसुद्धा मला पाठ आहे.

तर रिटायर झाल्यावर त्यांनी गोठ्यामागे टाकी बांधली. तोवर आमची काही तक्रार नव्हती. एक म्हैस, एक गाय, त्यांचं शेण, त्यावर गोठ्यात आंघोळीचं पाणी तापायचं. लोक बघायला यायचे, निळी ज्योत बघून "वा भाऊसाहेब" म्हणायचे. माझीही मान ताठ होती. सिलिंडरचा नंबर लावून महिनामहिना वाट बघणाऱ्या बायकांना मी स्वतः ती ज्योत दाखवत असे.

मग त्यांच्या डोक्यात पोपटीने घर केलं.

पोपटी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, कोणी कोंबडी घालतं, वरून परत पाला दाबायचा. मडकं अंगणात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, गवत, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. धूर तो असा की समोरचा माणूस दिसू नये. आमच्या अंगणात दरवर्षी अख्खी आळी जमायची. गाणी, चेष्टामस्करी, एकमेकांच्या पानातली अंडी पळवणं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे भावोजींच्या बायकोला, दमा आहे. त्यामुळे त्या दिवशी ताईंना मधल्या खोलीत बसवून आम्ही दारंखिडक्या लावून घ्यायचो, फटीला ओलं फडकं लावायचो, आणि शेंगा निघाल्या की मी त्यांना आत ताटली नेऊन द्यायची. सालाबादचंच होतं ते.

भावोजींनी त्या वर्षी जाहीर केलं, "यंदा पोपटी गॅसवर."

"गॅसवर पोपटी?" शेजारच्या भागाकाकी म्हणाल्या. "उद्या म्हणाल देवापुढं बल्ब लावू."

"लावतातच की," भावोजी म्हणाले. त्यांना टोमणा कळत नाही, हा त्यांच्याशी भांडण्यातला मोठा तोटा.

झालं. महाडच्या वेल्डरकडून लोखंडी पाइपाचं एक भलंथोरलं कडं करून आणलं, मडक्याभोवती बसेल असं, आतल्या बाजूने बारीक भोकं पाडलेली. टाकीपासून अंगणापर्यंत पाइप टाकायचा तर मध्ये न्हाणीघर, माझा अळूचा वाफा आणि भागाकाकींच्या कोंबड्यांची वाट. भावोजींनी स्वतः चर खणला. माझं अळू गेलं. "परत येईल," म्हणाले, "नैसर्गिक आहे." पाइपाच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून ते खाली पालथे पडायचे आणि बुडबुडा येतो का बघायचे. साबण कुठला, तर माझा अंगाचा, वासाचा. धुण्याच्या साबणाचा फेस म्हणे चटकन बसतो. रस्त्याने जाणारी माणसं थांबून विचारायची, "भाऊसाहेब पडले काय ओ?" मी म्हणायची, "नाही, बुडबुडे बघतायत." आता ह्याच्यापुढे माणसाने काय विचारावं?

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा कडं अर्धंच पेटलं. मग ज्योत भुकभुक करून विझली. पाइपात पाणी साचत होतं, ते काढायला त्यांनी सखल जागी एक तोटी बसवली. मग वारा नडला, म्हणून भोवती पत्रे उभे केले. ते सगळं जमलं तर गॅसच पुरेना. थंडीत टाकीत गॅस कमी धरतो, आणि वालाच्या शेंगा तर थंडीतच येतात. भावोजी दोन दिवस टाकीभोवती घिरट्या घालत राहिले. तिसऱ्या दिवशी गवंडी आला आणि आमच्या संडासाचा पाइप टाकीला जोडून गेला.

मी ह्यांच्यापुढे रडले. "आता ह्या गावात तोंड कसं दाखवायचं मी?" ह्यांनी रविवारी भावाशी बोलायचं कबूल केलं. रविवारी दोघे भाऊ परसात गेले, बराच वेळ बोलत राहिले. परत आल्यावर हे म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या दादाचं बरोबर आहे." माझ्या नवऱ्याचा कणा हा असा.

आणि मग तो प्रश्न सुरू झाला, पाहुण्यांना विचारायचा. एवढंच नाही, घरच्यांवर पाळत. माझी मुलगी शाळेतून आली की, "काय गो, शाळेत जाऊन आलीस? घरचं बाहेर टाकून यायचं नाही." ती बिचारी बारा वर्षांची, मैत्रिणी सोबत उभ्या. तिने मैत्रिणींना घरी आणणंच बंद केलं.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? लोकांना काय, गॅस अंगणात जातो की स्वयंपाकघरात, कोण बघायला बसलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या. कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं, आणि तिळाचा लाडू हातात ठेवल्यावर एकजात सगळ्यांना उपास. भागाकाकींनी तर सरळ विचारलं, "सुमन, पाक कशावर केलास गो?"

"सिलिंडरवर, काकी. शपथ."

"नाय, आपलं सहज विचारलं." आणि लाडू पदराच्या टोकाला बांधला. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या कोंबड्या टोचत होत्या, मी बघितलं. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. ताई तेवढ्या शांत. त्या दाराशी बसून कुंकू लावत होत्या, खोकल्याची उबळ आली तशी उठून आत गेल्या. चारचौघांत खोकला आला की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. उबळ थांबली तरी मग बाहेर येत नाहीत.

आणि एवढं होऊनसुद्धा भावोजी पोपटीचं आमंत्रण करत घरोघर फिरले. "यायचं बरं का. धूर नाही, राख नाही, डोळे चोळायला नको." लोक तोंडावर "येऊ की भाऊसाहेब" म्हणत आणि ते वळले की पदर तोंडाला लावत. मी मागच्या दाराने ऐकत होते. एकही माणूस येणार नाही हे मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. ह्या वयाच्या माणसाने दहा घरचं आमंत्रण करावं आणि अंगणात एकट्याने उभं राहावं, हे मला बघवणार नव्हतं. वर वाटत होतं की आलेच नाहीत तर बरं, निदान नाकं मुरडलेली बघावी लागणार नाहीत.

ठरल्या दिवशी ऊन कलल्यावर त्यांनी मडकं भरलं, उपडं घातलं, कडं बसवलं, पत्रे लावले आणि काडी ओढली. गोल निळी ज्योत लागली. चटया अंथरलेल्या, केळीची पानं कापून धुऊन ठेवलेली. आळीत चिटपाखरू नाही. जो तो आपापल्या घरात. एरवी ह्या वेळेला अंगणात मुंगी शिरायला जागा नसायची.

हे दुकानातून आले नव्हते, मुलीला मी मुद्दाम आत अभ्यासाला बसवलं होतं. मडक्यावर पाणी शिंपडल्याचा चर्र आवाज आला, म्हणजे पोपटी झाली. मला राहवेना. म्हटलं, जावं, दोन शब्द बोलावेत, "नशीब त्यांचं, आपण खाऊ" असं काहीतरी. मी ओटीवर आले.

भावोजी एकटे नव्हते. ज्योतीपासून हातभर अंतरावर त्यांची वेताची खुर्ची होती, आणि खुर्चीत, अंगावर शाल घेऊन, ताई. अंगणात. पोपटीच्या दिवशी. मी लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ताईंना पोपटीच्या वेळी अंगणात बघितलं नव्हतं. मडकं उघडलं होतं, भांबुर्ड्याचा वास सगळीकडे दरवळत होता. ताई डोळे मिटून तो वास घेत होत्या. नाकाने, भरभरून, न खोकता.

"आमच्या माहेरी, वरंधला असाच यायचा ओ वास," त्या म्हणाल्या. "इसरलेच होते मी."

भावोजी खाली बसले होते. वालाची शेंग सोलून, दाणे फुंकून गार करून, त्यांच्या तळहातावर ठेवत होते. "सावकाश," म्हणत होते. "कढत आहे."

माझ्या पायाखाली ओटीची फळी वाजली. भावोजींनी मान वर केली आणि त्या माणसाचा चेहरा असा झाला की काय सांगू. अख्ख्या पंचक्रोशीला संडासाला जायचा आग्रह करताना ज्यांच्या कपाळावर आठी चढली नाही, ते लाजले. कानापर्यंत लाल. हातातली शेंग पटकन खाली टाकली, धोतराला हात पुसले आणि उठून तोटीपाशी गेले. "ते... प्रेशर बघत होतो," म्हणाले. "हिला म्हटलं जरा बस, ज्योत कशी राहते बघ." आणि तोटी उगाच उघडून परत बंद केली.

दरवर्षी त्या बंद खोलीत ताटली मीच नेत होते. दारात उभी राहून "ताई, यंदा शेंगा गोड निघाल्या" म्हणत होते. हा माणूस अळू उपटत होता, मातीत पालथा पडत होता, गावात स्वतःचं हसं करून घेत होता, आणि मला वाटत होतं की ही सरकारी योजनेची खोड आहे. मला फार लाज वाटली.

तेवढ्यात फाटक वाजलं. भागाकाकी, त्यांच्यामागे आळीतल्या चारपाच बायका. खायला नव्हत्या आल्या, बघायला आल्या होत्या, हे त्यांच्या रिकाम्या हातांवरून कळत होतं. बिनधुराची पोपटी आहे तरी कशी, आणि भाऊसाहेबांची फजिती कुठवर आली.

ताईंनी फाटकाकडे बघितलं आणि शाल गोळा करायला लागल्या. उबळ नव्हती आली अजून. येईल ह्या धास्तीनेच त्या उठायला निघाल्या. भावोजी तोटीपाशी तसेच उभे. अडवावं की नाही त्यांना कळेना.

मी धावत फाटकापर्यंत गेले.

"काय गो सुमन," भागाकाकी म्हणाल्या, "झाली का पोपटी तुमची?"

"झाली," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "आमच्या संडासाच्या गॅसवर केलीय. आमचा सगळ्यांचा गॅस आहे त्यात. माझासुद्धा. खायची असेल तर या आत, पानं वाढते."

बायका जागच्या जागी थिजल्या. "शी बाय," कोणीतरी मागून म्हणालं. भागाकाकींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी साडी सोडून उभी आहे. मग "जातू आमी, दूध उतू जायचा" असं काहीसं पुटपुटत त्या वळल्या, आणि त्यांच्यामागे बाकीच्या. फाटकाला मी कडी घातली.

मागे बघितलं तर ताई परत खुर्चीत टेकल्या होत्या, आणि भावोजी खाली बसून त्यांच्यासाठी अंडं सोलत होते.