फळीवरची फरशी

पुनावळ्यातल्या एका फ्लॅटच्या वास्तुशांतीत गुरुजी संकल्प सांगत असताना आमचे शेजारी दत्तू तात्या गुडघ्यांवर बसून, बोटाच्या पेराने फरशी ठोकत हॉलभर सरकत होते. यजमानांना वाटलं, काही पडलंय. सोफ्याजवळ तात्या थांबले, पुन्हा ठोकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोकळ हाय." मग उठून जेवायला बसले. जेवण त्यांना आवडलं.

तात्या मूळचे मोशीचे. महाळुंग्याच्या एका कंपनीत ते तपासणी खात्यात होते. सुटे भाग ठोकायचे, कान द्यायचा आणि पास-नापास सांगायचं, हे काम. कंपनी सुटली, ठोकणं सुटलं नाही. कलिंगड, दार, नवं हेल्मेट, काहीही. मुलीला, सविताला, पाहायला आलेल्या मुलाच्याही पाठीवर थाप मारून त्यांनी कान दिला होता आणि तिथल्या तिथे होकार सांगितला होता. "माणूस खोटं बोलंल, आवाज न्हाई बोलायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या घरात खाली लातूरकडचे दोन भाऊ भाड्याने राहतात. वर तात्या, पत्नी गेल्यापासून एकटे. जुन्या भिंतींना स्लॅबचा भार झेपणार नाही म्हणून वरची जमीन लाकडी आहे : लोखंडी गर्डर आणि त्यांवर फळ्या. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून कंपन्यांत येतात, त्या खोक्यांच्या या फळ्या. चाकणच्या भंगारवाल्याकडून तात्यांनी एकेक ठोकून आणलेल्या. न्हाणीघर मात्र खाली अंगणात.

सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिच्या सासूबाई येऊन जिना पाहून गेल्या. "व्याही, अवघडलेली पोर रात्री-अपरात्री हा जिना उतरणार? डोहाळजेवणापर्यंत वर न्हाणीघर झालं तर पाठवते. नाहीतर बाळंतपण आमच्याकडंच."

तात्यांनी लगेच फरश्या आणल्या. गवंड्याने डोकं खाजवलं. "तात्या, फळी लवते. फरशी लवत न्हाई."

"अरं, जर्मनीचं मशीन ह्या फळीवर बसून दर्यापार आलं. तुझ्या एका बादलीला ती दमंल व्हय?"

गवंड्याने थापी उचलली. फळ्यांवर सिमेंटचा माल पसरून फरश्या बसल्या.

काही दिवसांतच सांधे भुगा होऊन निघाले. भेगांतून पाणी उतरलं, फळ्या फुगल्या आणि मधली फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. थोरला भाडेकरू ताट घेऊनच जिना चढून आला. "काका, तुमचं पाणी आमच्या वरणात पडायलंय."

आळीला हीच संधी हवी होती. सगळे जमले. "तात्या, वाजवा की! काय म्हणतो आवाज?"

तात्यांनी खाली बसून ठोकलं. "पोकळ हाय," म्हणाले, आणि पहार मागवून फरश्या स्वतःच उखडायला घेतल्या.

मग ते खाली भाडेकरूंच्या खाटेवर उताणे झोपले, टॉर्च छताकडे रोखून. मी आणि भाडेकरूंतला धाकटा वर उघड्या फळ्यांवर उभे.

"नाचा!" खालून हुकूम आला. आम्ही नाचलो.

"लाजता काय राव? वरातीत नाचता तसं!"

गर्डर जागचा हलत नव्हता. दोन गर्डरांमधली फळी मात्र प्रत्येक उडीला वाकत होती. यंत्राच्या खोक्यात त्याच फळीखाली जाड आडव्या पट्ट्या असतात, अगदी जवळजवळ. तात्यांनी फळ्या पारखून आणल्या होत्या. पट्ट्या भंगारातच सोडल्या होत्या.

त्या पट्ट्यांच्या जागी गर्डरांच्या मधे लोखंडी अँगल वेल्ड झाले. भिजलेल्या फळ्या बदलल्या. त्यांवर सिमेंटचे पातळ तक्ते स्क्रूने आवळले, भिंतीवर थोडा चढेल असा वॉटरप्रूफिंगचा लेप दिला आणि फरश्या या वेळी लवचिक चिकटद्रव्यावर बसवल्या. डोहाळजेवण तोंडावर आलं होतं. गळतंय का पाहायला मोरीच्या भोकात बोळा घालून पाणी कोंडलं. दोघे भाडेकरू भाऊ मुद्दाम त्या पाण्याच्या नेमकं खाली जेवायला बसले.

"कोरडंय काका! आता लोणचं तरी पाठवा!"

विहीणबाई आल्या. अंगाने भक्कम. न्हाणीघराच्या मधोमध उभं राहून त्यांनी टाच आपटली. पुन्हा आपटली. तात्या त्यांच्या पायांशी बसून एकेक फरशी ठोकत गेले. आळी जिन्यावर दाटीने उभी. शेवटच्या फरशीवरून त्यांनी मान वर केली.

"भरीव!"

शिट्ट्या झाल्या. कुणीतरी हलगी आणली आणि त्या एवढ्याशा न्हाणीघरात, विहीणबाईंसकट, मावतील तेवढे नाचले. एक सांधा हलला नाही.

सविता आली, त्यानंतरची एक सकाळ. तात्या खांद्यावर टॉवेल टाकून जिन्याच्या पायरीवर बसले होते. वरून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"अंगणातल्या न्हाणीघरात उरकून घ्या अंघोळ," मी म्हणालो.

"कशाला? नंबर लावलाय न्हवं."

"बराच वेळ झालेला दिसतोय."

"लई झाला. आईवर गेलीय. तीबी अशीच, आत गेली का गेलीच."

तेवढ्यात वरून सविताने हाक दिली, "आबा, झालंच हं माझं!"

तात्या घाईघाईने उठून वर ओरडले, "सावकाश होऊ दे गं! मला कुठं जायचंय!" आणि टॉवेल मांडीवर घेऊन पुन्हा पायरीवर बसले.