पोटासाठी कवळ्या

गोकुळभाऊंना कोणी विचारलं, "काय करता?" की ते सांगतात, "गिटार वाजवतो." समोरचा पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडतो. भाऊ त्या उघड्या तोंडात वाकून बघतात आणि म्हणतात, "आणि पोटासाठी कवळ्या करतो. वरची डावी दाढ दाखवून घ्या."

धुळ्यात आमच्या इमारतीत माणसाचे सुटे भाग मिळतात. तळमजल्यावर माझं चष्म्याचं दुकान. वरती दातांच्या डॉक्टरीणबाई. आणि जिन्याखालून वाकून आत गेलं की भाऊंची खोली. बाई वरती तोंडाचं माप घेतात, मापावरून केलेला प्लास्टरचा साचा खाली येतो, भाऊ त्यावर मेणात दात लावतात. ते बरोबर बसले की मग पक्की कवळी. खोलीभर फळ्यांवर साचेच साचे. सगळे आ वासून बसलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दचकलो होतो. भाऊ म्हणाले, "शेठ, घाबरू नका. माझी पब्लिक आहे."

दुपारी दोन ते चार भाऊ त्या पब्लिकसमोर गिटार वाजवतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं. ते कूलर लावतात, कूलरची घरघर ऐकतात, आणि खुंट्या पिळून पिळून तारा तिच्याशी जुळवून घेतात. मग एकच सूर छेडून थांबतात. तो विरून जाईपर्यंत दुसरा वाजवत नाहीत. वाळ्याचा ओला वास, खाली झिरपणारं पाणी, आणि केव्हातरी एखादा सूर. मी दुकानात गल्ल्यावर डोकं टेकून ऐकतो. कित्येकदा वाटतं, बाहेर ऊन नाहीच, पांझरा नदीला पाणी आलंय आणि इमारत हळूहळू वाहत चालली आहे. एकदा एक गिऱ्हाईक दहा मिनिटं समोर उभं होतं, मला दिसलंच नाही. चष्मेवाल्याला!

"जरा भरभर वाजवा की," मी एकदा म्हणालो.

"घाई कशाची, शेठ? सूर काय पळून जातो?"

उजव्या हाताची नखं ते वाढवतात. ती प्लास्टरमध्ये तुटतात, मग कवळीच्या उरलेल्या गुलाबी मसाल्याचं नख करून अंगठ्याला चिकटवतात. बँकेत त्या अंगठ्याकडे बघून कॅशियरने दोनदा सही तपासली होती.

कवळ्या करणारा माणूस सहसा पेशंटचं तोंड बघत नाही, त्याला साचा पुरतो. भाऊंचं तसं नाही. मेणातले दात घालून बघायची वेळ आली की ते पेशंटला खाली बोलावतात, गिटार मांडीवर घेतात आणि स्वतः रचलेलं वाक्य म्हणायला लावतात, "सासूबाईंनी सव्वाशेर साखर सांडली." स नीट आला तर दात नीट. पहूरच्या एका आबांनी गंभीरपणे सांगितलं होतं, "मनी सासू मरी गयी, भाऊ." भाऊंनी तेवढ्याच गंभीरपणे गिटार खाली ठेवून दोन मिनिटं शांतता पाळली, मग म्हणाले, "आता म्हणा."

वयाच्या सव्विसाव्या वर्षी जामनेरच्या एका घरचे त्यांना बघायला आले होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" भाऊ म्हणाले, "गिटार वाजवतो." आणि थांबले. सुराच्या मागे थांबतात तसे. भाऊंच्या काकांनी घाईघाईने कवळ्यांचं सांगेपर्यंत पाहुणे चपला घालत होते. पुढे आईवडील गेले, विषय काढणारं कोणी उरलं नाही. आता पन्नाशी उलटली. ही गोष्ट तेच सांगतात आणि तेच सगळ्यात जास्त हसतात.

गेल्या वर्षी पिंपळनेरच्या देवकाअक्का आल्या. सत्तरीच्या. लग्नातली अहिराणी गाणी गाणाऱ्या. त्यांच्याशिवाय तिकडे हळद लागत नसे, म्हणे. पण दात गेले आणि अक्कांनी गाणं सोडलं, मग लग्नांना जाणंच सोडलं. घरातसुद्धा पदर तोंडावर. महिन्याभरात नातीचं लग्न होतं. मुलाने घाई करून, मेणातले दात घालून न बघताच कवळी करून घेतली, अक्कांनी ती एकदा घातली आणि डबीत टाकून डबी परत आणली.

"मना तोंडमा दुसरानं तोंड शे," त्या पदराआडून म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, कवळीत काही दोष नाही, सवय होईल. मुलगाही म्हणाला, "आई, जेवता येतंय ना? बस झालं."

भाऊंनी कवळी हातात घेतली, उजेडात धरली आणि अक्कांना पुन्हा घालायला लावली. "अक्का, साखर सांडून काही होणार नाही. तुमचं गाणं म्हणा."

"माले नही गानं."

"बरं," म्हणून भाऊ वाजवायला लागले. कूलरच्या सुरात, नेहमीसारखं. अर्धा तास. मुलगा घड्याळ बघत होता. अक्का भिंतीवरचे जबडे मोजत होत्या. मग पदराआडून काहीतरी गुणगुण आली. भाऊ थांबले नाहीत, वर बघितलंसुद्धा नाही. गुणगुणीचे शब्द झाले, आणि पहिल्याच स ला शिट्टी वाजली. अक्कांनी पदर आणखी वर ओढला.

"सापडलं!" भाऊ ओरडले. "पुढच्या दातांच्या मागे हवा पळतेय. मी नवी करतो, पुन्हा मेणापासून."

तीन दुपारी अक्का येत राहिल्या. त्या एक ओळ गायच्या, भाऊ गिटार ठेवून मेण चिमूटभर वाढवायचे, खरवडायचे, पुन्हा गिटार उचलायचे. मी दुकान उघडं टाकून दारात बसायचो. आयुष्यभर साच्यांसमोर वाजवलेला माणूस पहिल्यांदाच कोणाच्या तरी मागे वाजवत होता, आणि चुकत होता. अक्का थांबून त्यांना दटावत होत्या. तिसऱ्या दिवशी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलं. अक्कांनी पदर खाली घेतला. भाऊ मान खाली घालून बराच वेळ तारा पुसत राहिले.

हळदीचं आमंत्रण आम्हा दोघांना आलं. माझ्या जुन्या गाडीतून गेलो. भाऊ वाटेत म्हणाले, "कवळी टिकते का बघतो आणि निघू." मांडवात ते मागच्या खुर्चीवर बसले.

आणि अक्का गायल्या. पातळ, खडबडीत आवाज, पण शब्द न् शब्द टणक. त्यांच्या गाण्यात एकेका नातेवाइकाचं नाव घेऊन त्याची खोडी काढायची रीत होती. मामाचं पोट झालं, काकाचा कंजूषपणा झाला, बायका हसून लोळत होत्या. आणि मग अक्कांनी नाव घेतलं, गोकुळचं. धुळ्याचा गोकुळ आला, बाईसारखी नखं वाढवून आला, आला तर आला, हळद लावायला बायको आणायची विसरला!

मांडव खदखदून हसला. मी भाऊंकडे बघितलं. ते हसत नव्हते. तोंड अर्धवट उघडं, अगदी त्यांच्या साच्यांसारखं. कोणीतरी बाईने येऊन त्यांच्या दोन्ही गालांना हळद फासली. त्यांनी पुसली नाही. तोवर गाणं नवरीच्या आत्याकडे वळलं होतं.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. साक्रीपर्यंत भाऊ गालावरची वाळलेली हळद बोटांनी चाचपत होते. दोन्ही बाजूला शेतं सोनेरी झाली होती, त्यांचे गालही. मला वाटलं, बायकोची खोडी लागली असेल.

"शेठ," ते म्हणाले, "अक्कांनी माझं नाव काकाच्या नंतर घेतलं ना?"

"हो."

"आणि आत्याच्या आधी?"

"आत्याच्या आधी."

"आत्या म्हणजे अक्कांची सख्खी मुलगी."

"हो, भाऊ."

दोन गावं मागे पडली.

"नक्की आधी ना?"