आक्काताईचं वय वर्षं सोळा

विद्याश्रीला मुलं मिळाली होती, पण मुली मिळत नव्हत्या. किशोरवयीन मुलांच्या मनाच्या आरोग्यावर तिचं संशोधन चालू होतं. राजारामपुरीत रुद्रेशच्या सायबर कॅफेत बसून तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींनी इंटरनेटवरची प्रश्नावली भरायची, आणि जाताना मित्रांनाही धाडून द्यायचं, अशी योजना होती. भरणाऱ्याला रुद्रेश अर्धा तास गेम खेळू द्यायचा. त्यामुळे पोरं झुंडीनं आली. मुली मात्र दारातूनच परत जायच्या. पुण्याच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर बजावलं होतं, "मुली नसतील तर अभ्यास गुंडाळावा लागेल."

अशात मनाली आली. पंधरा वर्षांची, फारसं न बोलणारी. तिनं प्रश्नावली भरली, दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणीही आणल्या. विद्याश्रीचा जीव भांड्यात पडला.

त्यातल्या एकीनं घरी सांगितलं की कॉम्प्युटरनं विचारलं, घरात तुझं कोण ऐकतं का? संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, कॅफेत पोरींकडनं घरच्या चहाड्या लिहून घेतात. आणि शनिवारी मनालीची आई, आक्काताई, पिठाची गिरणी बंद करून तशीच कॅफेत शिरली. भुवयांपर्यंत पीठ. मागं मान खाली घालून मनाली.

"माझ्या पोरीनं काय लिवलंय ते दाव."

"काकू, ते मलासुद्धा दिसत नाही. नाव न लागता पुण्याला जातं."

"पुण्याला? माझ्या घरातलं पुण्याला जातंय आन् मला न्हाय दावायचं व्हय?"

"तुम्ही तिलाच विचारा की."

आक्काताईचा आवाज एकदम उतरला. "विचारतो की रोज. दार लावून घेती."

विद्याश्रीनं खुर्ची पुढं केली. "उत्तरं नाही, पण प्रश्न दाखवते," ती म्हणाली.

पण प्रश्नावली अशी केली होती, की एकाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नसे. पहिला प्रश्न वयाचा. आक्काताईनं एक्केचाळीस सांगितलं. पडद्यावर आलं, 'आभारी आहोत. आपण या अभ्यासात बसत नाही.'

"ह्यो मला हाकलतोय?"

"काकू, वयाची अट आहे."

"मग सोळा लिही."

मागून मुलं हसली. पुण्याला पाठवायच्या आधी पुसून टाकू, असं मनाशी म्हणत विद्याश्रीनं सोळा लिहिलं. तेवढ्यात पुण्याचा फोन आला आणि ती उठली. आक्काताईनं चष्मा आणला नव्हता. तिनं लेकीला बाजूच्या खुर्चीत ओढलं. "वाच."

"रात्री झोप शांत लागते का?" मनालीनं वाचलं.

"गिरणीचा पट्टा कानात फिरत असतोय. कुठली झोप!"

"नेहमी, कधीकधी, का कधीच न्हाय?"

"कधीकधी."

"कळफलकावर पीठ सांडतंय, मावशी," रुद्रेश कळवळला.

"गव्हाचं हाय, चांगलं हाय. पुढचं."

"गेल्या महिन्यात विनाकारण रडू आलं का?"

"विनाकारण न्हाय. कारण व्हतं."

मनालीचा हात थांबला. "कधी?"

"तुला काय करायचंय? पुढचं वाच."

"उत्तर दिल्याबिगर पुढं जात न्हाय."

आक्काताईनं पदरानं भुवया पुसल्या. "आलं म्हण. बास."

मनालीनं बटण दाबलं. मग वाचलं, "मनातलं कुणाला सांगता? आई, वडील, मैत्रीण, शिक्षक, का कुणालाच नाही?"

"आई गेली. तुझ्या पप्पास्नी सांगितलं तर टीव्हीचा आवाज वाढवत्यात. आन् गिरणीत एवढ्या आवाजात कुठली मैत्रीण? ऱ्हायलं काय मग?"

"कुणालाच नाही."

"त्येच लिही."

मनालीनं लिहिलं. पडद्याकडंच बघत ती हळूच म्हणाली, "मी पण त्येच लिवलंय."

फोन संपवून विद्याश्री परत येत होती, ती तिथंच थबकली. आक्काताईनं लेकीकडं बघितलं, खुर्ची तिच्याजवळ सरकवली. मग म्हणाली, "किती प्रश्न हाईत अजून?"

"लई हाईत."

"मग सावकाश वाच. गिरणी बंदच हाय."

दोघी गेल्यावर विद्याश्रीनं नियमाप्रमाणं ती उत्तरं पुण्याला न पाठवता पुसली. खोट्या वयाची नोंद ठेवता येत नव्हती. पुसताना मात्र तिला उगीचच चोरी केल्यासारखं वाटलं.

सोमवारी कॅफे उघडायच्या आधीच दारात बायकांची रांग होती. प्रत्येकीनं आपापल्या लेकीचं मनगट घट्ट धरलेलं. विद्याश्रीला वाटलं, आता आपली धडगत नाही.

पुढं उभ्या असलेल्या बायडाबाईनं तिला गाठलं. "म्याडम, पोरींचं घ्या की लिहून, आमची ना न्हाय. पण आधी आमचं. ह्या पोरी वाचतील."

"मावशी, वयाची अट..."

"ठावं हाय की," बायडाबाई म्हणाली, "आक्काताईनं सांगितलंय. आम्ही समद्या सोळाच्याच."

विद्याश्रीनं आत वळून रुद्रेशला हाक मारली. "प्रत्येक कॉम्प्युटरला दोन-दोन खुर्च्या लाव."