परुळेकर काका आणि शिळा पाव

परुळेकर काकांच्या फ्रिजमध्ये इस्त्रीचे शर्ट असायचे. थट्टा नाही करत. वरच्या कप्प्यात पांढरे, खालच्या कप्प्यात रेघांचे, भाजीच्या ट्रेमध्ये मोजे आणि अंड्यांच्या खळग्यांत होमिओपॅथीच्या बाटल्या. फ्रीजरमध्ये गणपतीच्या आराशीच्या दिव्यांच्या माळा. फ्रिज अर्थातच बंद. कोणी चुकून चालू करू नये म्हणून प्लगवर चिकटपट्टी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, झालं, गेले हे कामातून. काका मात्र शांत. "झुरळ शिरना नाय, ओल लागना नाय, दार आपोआप लागता. ह्येच्यापेक्षा चांगला कपाट कोण देतलो तुका?" म्हणाले. मी विषय बदलला, कारण माझ्या कपाटात तेव्हा झुरळं होती.

मुलुंड पूर्वेला आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. काका मूळचे मालवणकडचे, पण सगळी नोकरी भांडुपच्या एका औषधांच्या कंपनीत गेली. तिथे त्यांचं काम काय, तर मुदत संपलेला माल हुडकून बाजूला काढायचा. माणूस निवृत्त झाला, नजर झाली नाही. तुम्ही त्यांच्यापुढे बर्फी ठेवा, चकली ठेवा, सत्यनारायणाचा प्रसाद ठेवा, ते आधी विचारणार, "ह्या कधीचा?" म्हणजे हे केलंय कधी. आज सकाळचं असेल तर हात पुढे. कालचं असेल तर हात पाठीमागे, आणि तोंड असं, की आपण त्यांच्या इस्टेटीवर डोळा ठेवून विष घालायला आलोय. एका लग्नात त्यांनी पनीर वाढणाऱ्या पोऱ्याला हाच प्रश्न विचारला, तर तो बिचारा आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला.

बाजारात सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एक टोमॅटो, दोन मिरच्या, चिमूटभर कोथिंबीर. एका माणसाचं, एका वेळचं. भांड्यात शीत उरता कामा नये. कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना लांबून येताना बघते आणि शेजारणीला म्हणते, "आला बघ एक टोमॅटो."

माझं सगळं उलट. मी नोकरी करणारी बाई, माझं घर उरलेल्यावर चालतं. रात्रीच्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी होते आणि ती मी ताज्या पोळीपेक्षा आवडीने खाते. त्यामुळे काकांना डिवचायची एकही संधी मी सोडत नाही. एकदा त्यांना दह्यावरून धरलं. म्हटलं, काका, दही रात्रभर लावून ठेवता, मग ते शिळं नाही? काका म्हणाले, "दही शिळा नसता गे. ता रात्रभर जन्माक येत असता." बरं, मग लोणचं? "लोणचा म्हातारा असता. म्हातारा वेगळा, शिळा वेगळा." माझ्या नवऱ्याने ते वाक्य आपल्या ऑफिसात दोघातिघांना ऐकवलं म्हणे.

पण हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण राहिलं नव्हतं, कारण याच वेडापायी काकांचा मुलगा आणि सून घर सोडून गेले होते.

शुभाकाकी, म्हणजे काकांची बायको, आजारपणात गेल्या. त्यानंतर दोनेक वर्षांनी निखिलचं लग्न झालं. सून सायली, पवईच्या एका ऑफिसात. पोरगी झकास, बडबडी, कामाला वाघ. रविवारी बसून आठवड्याचं सगळं करून ठेवायची. ग्रेव्ह्या, चिरलेल्या भाज्या, मळलेली कणीक, सगळं डब्यांत भरून फ्रिजमध्ये. एका सोमवारी ती रात्री दमून आली, फ्रिज उघडला, तर आत काही नाही. डबे घासूनपुसून ओट्यावर पालथे. काकांनी सगळं टाकून दिलं होतं.

सायली भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. थोड्याच दिवसांत दोघांनी पवईला भाड्याने जागा घेतली. कारण काय, तर ऑफिस जवळ पडतं. निखिल रविवारी येऊन जायचा, एकटाच. सायलीने त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही. तेव्हाच काकांनी फ्रिज बंद केला आणि त्यात शर्ट रचले.

आणि गेल्या महिन्यात एका बुधवारी काका माझ्या दारात. चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. म्हणाले, सायली येतेय रविवारी, ब्रंच का काय ते खायला. निखिलने तिची किती मनधरणी केली होती कुणास ठाऊक. एकदा येते, पुढचं पुढे बघू, एवढंच ती म्हणाली होती.

"एकदा म्हणता ती," काका म्हणाले. "ह्या वेळी बिघडला, तर ती परत येवची नाय, मीनल."

मी म्हटलं, काका, घावणे करा, ताजे ताजे. तर म्हणाले, नाही, तिचं ते पावाचं करायचंय.

ते पावाचं म्हणजे सायलीचा आवडता फ्रेंच टोस्ट, पण तव्यावरचा नाही, भाजलेला. शिळ्या पावाचे तुकडे काचेच्या ट्रेमध्ये रचायचे, वरून अंडी, दूध, साखर, दालचिनी एकत्र फेटून ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये मुरवायचं आणि सकाळी ओव्हनमध्ये फुगून येईपर्यंत भाजायचं. नवी नवरी असताना तिने हौसेने केला होता. तेव्हा काकांनी ट्रेकडे बघून काय म्हणावं? "शिळो पाव, तो परत रात्रभर भिजत घातलेलो. म्हणजे गुन्ह्यावर गुन्हो." सायली तेव्हा हसली, पण पुन्हा कधी त्या घरात तिने तो केला नाही. माझ्याकडे मात्र करायची, कारण ओव्हन माझ्याकडे. तिच्याकडूनच मी शिकले. म्हणून काकांना माझं दार आठवलं.

पहिली अडचण, शिळा पाव. ताजा घेतला तर त्याचा लगदा होतो, हे मी त्यांना बजावून सांगितलं. गुरुवारी काका बेकरीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शिळा पाव आहे का म्हणून विचारलं. बेकरीवाल्याची वाट लागली. गेली कित्येक वर्षं हाच माणूस प्रत्येक पावाला अंगठा दाबून "ह्या कधीचा" विचारत आलेला. त्याला वाटलं, हा काहीतरी सापळा आहे. "काका, कसम से, सब आज का है," असं तो हात जोडून सांगू लागला. काका म्हणतात, नको रे बाबा, मला कालचाच दे. तो म्हणतो, काका, मेरे से क्या गलती हुई? शेवटी काका ताजाच पाव घेऊन आले आणि घरी उघडा ठेवून शिळा करायचा असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी बघायला गेले, तर पाव गायब. काका मान खाली घालून उभे.

"खाल्लंय मी. ताजो होतो गे. डोळ्यांसमोर वाया जाताना बघवना."

मी त्यांना जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. दुसरा पाव आणायला लावला आणि तो काढून घेऊन माझ्या घरात, कपाटावर, पंख्याखाली ठेवला. घरात ताकीद दिली, याला कोणी हात लावला तर रविवारी उपास. काका दिवसातून चार वेळा येऊन त्या पावाकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघून जायचे.

शनिवारी संध्याकाळी ट्रे भरायला बसलो. म्हटलं, मुरवायला माझ्या फ्रिजमध्ये ठेवू. काका म्हणाले, नाही, माझ्याच फ्रिजमध्ये ठेवायचं. मी त्यांच्याकडे गेले तर सगळे शर्ट सोफ्यावर, माळा टेबलावर, फ्रिज आतून बाहेरून पुसलेला आणि चालू. घरघर एवढी, की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. सायली येईल तेव्हा तिला फ्रिज चालू दिसला पाहिजे, एवढाच काकांचा हट्ट होता.

मग पाव कापणं. एकेक तुकडा हातात घेऊन ते पारखत होते. दूध ओतताना हात थांबला. सकाळी लवकर उठून भिजवलं तर चालणार नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. पहाटे? नाही, काका. मग डोळे मिटून ओतलं. साखरेऐवजी गूळ घालायचा त्यांचा डाव मी हाणून पाडला, दूध फाटलं असतं. पण नारळाच्या रसावर ते अडून बसले. आमच्याकडे शिरवाळ्यांना, म्हणजे तांदळाच्या शेवयांना लागतो, तसा पावालाही लागेल म्हणाले. नारळ तिथेच फोडला, रस काढला, वाटीभर ओतला. सायलीने बघितलं असतं तर किंचाळली असती. मी मनात म्हटलं, घाला, बिघडलं तर तुमच्या नावावर.

रविवारी सकाळी काकांनी ट्रे दोन्ही हातांनी धरून आमच्याकडे आणला. डोळे लाल. रात्रभर फ्रिज उघडून बघत होते हे विचारायची गरज नव्हती. ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसले आणि तुकडे फुगायला लागले तेव्हा घरातलं तान्हं पोर चालायला लागल्यासारखे आनंदले. वास असा सुटला, की माझी पोरं न उठवता उठली.

काकांच्या घरी मला त्यांनी मुद्दाम बसवून घेतलं होतं, बोलायला कोणीतरी हवं म्हणून. सायली आली, सोफ्याच्या कडेला बसली. निखिल भांडुपच्या ट्रॅफिकवर बोलला. मग पुन्हा भांडुपच्या ट्रॅफिकवरच बोलला. काकांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

सायली बघतच राहिली. "बाबा, हे काल भिजवलंत तुम्ही?"

"काल संध्याकाळी," काका म्हणाले. सुनेशी ते नेहमी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. "पाव परवाचा आहे." कोर्टात कबुली द्यावी तसं.

तिने एक घास खाल्ला. थांबली. यात नारळ आहे का, असं विचारून तिने दुसरा घेतला. मला वाटलं, सुटलो बाबा. पण काका स्वतः काही खाईनात. चमचा खाली ठेवला आणि बोलायला लागले.

"सायली, तुझे डबे मी टाकले ना, ते तुझ्या हाताला नावं ठेवायला नाही. ही आजारी होती तेव्हा मी रोज दोघांचं करायचो. ती एक घास घ्यायची, बस्स म्हणायची. तिच्या वाटणीचं भांड्यात तसंच राहायचं. रोज. ती गेली त्या दिवशीसुद्धा फ्रिजमध्ये तिच्या वाटणीची पेज होती. तेव्हापासून उरलेलं अन्न दिसलं की मला काही सुचत नाही. तुला सांगायला हवं होतं. नाही जमलं."

निखिलला हे ठाऊक नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. इतकी वर्षं समोरच्या दारात राहून मलाही ठाऊक नव्हतं, आणि मी त्या माणसाला दह्यावरून छळत होते. मी पाणी आणायला म्हणून उठले. पाणी टेबलावरच होतं.

"मला वाटलं, तुम्हाला माझं काहीच नकोय," सायली म्हणाली.

"नाय गे," काका म्हणाले. पुस्तकातली भाषा गेली कुठल्या कुठे. "नाय गे बाय."

मग सगळे खाऊ लागले, जरा जास्तच जोरात. तरी ट्रे अर्धा उरला. मी डबा पुढे केला, म्हटलं, ने गं पवईला. सायली उठली, ट्रेवर झाकण घातलं, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि घरघरणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवून आली. म्हणाली, "टाकायचं नाही हं, बाबा. उद्या ऑफिसातून सुटले की येऊन खाणार आहे."

सोमवारी काकांनी माझा जीव खाल्ला. लाईट गेले तर टिकेल का? दार उघडून बघितलं तर चालतं का? संध्याकाळी मी गेले तर काका फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसलेले. मला खोडी काढायची हौस, म्हटलं, काका, भूक लागलीय, एक तुकडा द्या ना.

"नाय," काका म्हणाले. "तिच्या वाटणीचा असा ता."

आठच्या पुढे बेल वाजली. सायली आत आली, पर्स खुर्चीवर टाकली, फ्रिज उघडला आणि ट्रे बाहेर काढला. काकांनी गरम करून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. मी निघायला हवं होतं, पण मी कसली निघतेय. तिने चमच्याने बरोबर मध्ये रेघ पाडली, एक भाग ताटलीत घेतला आणि ताटली काकांच्या पुढे धरली.

"हे तुमच्या वाटणीचं, बाबा."

काकांनी ताटली घेतली. कधीचं म्हणून विचारलं नाही. ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, गारच्या गार सगळं खाल्लं.