चारित्र्यवान पिचरला हवा एक गरजू

चारित्र्य ही माणसाची खाजगी बाब असली, तरी ओहायोत ती सप्टेंबर संपायच्या आत सिद्ध करावी लागते. उशिरा सिद्ध झालेलं चारित्र्य पुढच्या हंगामात धरतात.

वर्नन स्टॅविकला ते याच हंगामात हवं होतं. स्टर्जन्स या बेसबॉल संघाचा हा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, सदतिशीला टेकला होता, खांदा त्याच्याही आधी म्हातारा झाला होता, आणि हिवाळ्यात संघ त्याला नारळ देणार हे त्याच्या सासऱ्यांनासुद्धा कळलं होतं. (त्यांचं गाद्यांचं दुकान होतं. जावयासाठी खुर्ची पुसून ठेवली होती.) तारणहार एकच, ग्रबोव्स्की सद्वर्तन चषक. चषकवाल्याला त्याच हिवाळ्यात काढणं बरं दिसत नाही, म्हणून कुठलाही संघ काढत नाही. थोडक्यात, मिळाला तर आणखी एक वर्ष मैदान, नाहीतर गाद्या.

ज्यांच्या नावे हा चषक देतात ते ग्रबोव्स्की जन्मात पंचांना वाईट बोलले नव्हते. (बोलत ते पोलिशमध्ये. पंच आयरिश होते.) चषकाला लागते समाजसेवा, सेवेचा फोटो आणि सहकाऱ्यांची एकमुखी शिफारस. मग प्रेक्षक मतं देतात आणि समिती ती विचारात घेते.

अडचण गरजूंची होती. पाहुण्या संघांचे उमेदवारही सामन्याच्या सकाळी सेवा उरकून घेत, त्यामुळे सप्टेंबरात गावात सेवेकरी जास्त आणि गरजू कमी पडत. रुग्णालयातला मुलांचा वॉर्ड महिनाअखेरपर्यंत भरलेला होता, म्हणजे पिचरांनी. संघाची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या लोरेटा पिट्सने वर्ननला अन्नछत्रात उभं केलं. तिथल्या आजींनी वाडग्यावर हात ठेवला.

"नको रे बाबा! सकाळपासून तिसरा पिचर आहेस तू. पोट आहे की पिंप?"

"नुसता धरा हो, आजी. ओतत नाही."

"फोटो आहे होय? मग थांब, केस विंचरून येते."

त्या विंचरून आल्या तोवर पाहुण्यांच्या डावखुऱ्याने त्यांना गाठलं होतं.

त्याच संध्याकाळी पाहुण्यांच्या पिचरने स्टर्जन्सच्या लाडक्या फलंदाजाच्या पाठीत चेंडू घातला. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नाही, म्हणूनच ते सगळे पाळतात. आपल्या पिचरने त्यांचा एक फलंदाज चेंडूने शेकायचा. खांद्याखाली, मांसल जागी, सभ्यपणे. चेंडू वर्ननच्या हातात होता आणि समिती पहिल्या रांगेत शेंगदाणे सोलत होती.

यष्टिरक्षकाचंच काम करणारा कॅचर एलिसेओ जवळ आला. "म्हातारबा, वाट कसली बघतोयस?"

"अरे, समिती बसलीय. सद्वर्तनाचं काय?"

"आणि शिफारशीवर सह्या कोण करणार, तुझा सासरा? नाही मारलास तर अख्खा संघ म्हणेल, माणूस चारित्र्यहीन आहे."

युक्तिवाद बिनतोड होता. वर्ननने समोरच्या फलंदाजाच्या मांडीवर नेम धरला. खांदा म्हातारा असल्याने चेंडू त्या फलंदाजाच्या, गॅरिट ब्लूमच्या, बरगडीवर बसला. बरगडीचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

वर्ननचा चेहरा पांढरा पडला. लोरेटाचा मात्र उजळला.

"अहो, रडताय काय! गरजू मिळाला. स्वतःचा! याच्यावर कुणाचा हक्क नाही."

दुसऱ्या दिवशी वर्नन फुलं घेऊन रुग्णालयात गॅरिटच्या खाटेशी हजर.

"तूच फोडलीस ना रे बरगडी?"

"हो. पण बघायलाही मीच आलोय ना!"

"जरा कण्हा," लोरेटा कॅमेऱ्यामागून म्हणाली, "पण हसत."

"हसलो की दुखतं, बाई."

"तेच हवंय."

समितीने निकालपत्रात नमूद केलं: "इतर उमेदवारांनी परस्पर आजारी पडलेल्यांची सेवा केली. श्री. स्टॅविक यांनी मात्र सेवेची संपूर्ण जबाबदारी, अगदी आरंभापासून, स्वतः उचलली." मतदानातही तो पहिला आला. ज्या हातांनी टाळ्या वाजल्या त्यांनीच मतं दिली.

हिशेब सरळ आहे. वर्ननला वर्ष मिळालं, लोरेटाला फोटो, समितीला आदर्श. भरपाई गॅरिटच्या बरगडीने केली. आता राहिलात तुम्ही. बरगडीच्या आवाजाला तुम्ही हळहळला असाल तर प्रश्नच नाही. किंचित हसला असाल, तर तुमचंही मत वर्ननच्याच नावावर मांडलेलं आहे.