परक्याचा कान

सकाळी पेणची गाडी पकडायला मी धावत निघाले, की शेजारचे शांतारामतात्या वाटेतच कोंबडी घेऊन उभे असत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कोंबडीची छाती थेट माझ्या कानाला. "ऐक गो मालू. घरघर हाय?"

"नाय, तात्या."

मग कुठे ते श्वास सोडत आणि मला वाट देत. पोस्टमन, दूधवाला, धाटावच्या कारखान्यांतली पहिल्या शिफ्टची मंडळी, कुणीच यातून सुटलं नव्हतं. स्वतः का ऐकत नाही विचारलं, तर म्हणत, "मालकाच्या कानाला पायजे तेच ऐकू येतं. कान परक्याचा हवा."

नव्वद सालानंतर रोह्याच्या आसपास ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेड उभ्या राहिल्या, त्यातली एक तात्यांची. पाचशे पिल्लं आणि तात्यांच्या पाचशे काळज्या. तयार औषधांवर त्यांचा विश्वास नव्हता. अडुळसा नि तुळस सावलीत वाळवायची, सुंठ-हळदीबरोबर कुटायची आणि खाद्याच्या पोत्याला मोजून दोन मुठी. "छाती मोकळी, तर वजन आपोआप!" त्यांच्या बायकोला, वच्छीकाकूंना, जुना दमा, म्हणून कुटायला तात्या स्वतः बसत. नव्या भुकटीचा पहिला चमचा मात्र काकूंना. "मी काय कोंबडी हाय?" म्हणत त्या गिळत.

कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचं नाव तात्या घेत नसत, 'बया' म्हणत. त्या थंडीत बया जवळच्या खांब गावात आली. तिथली एक अख्खी शेड चार दिवसांत रिकामी झाली, आणि आमच्या आळीचं धाबं दणाणलं. तात्यांनी फाटकापाशी चुना पसरला. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. साडीला रंगाचा वास येतो म्हणून मलाही आत बंदी. तपासणी कुंपणावरून. मीसुद्धा इतकी भ्याले होते, की गाडीत शेजारणीच्या श्वासाकडे माझा कान लागायचा.

एके सकाळी कानाला लागलेल्या कोंबडीत खरंच घरघर होती. बारीक, भात रटरटतो तशी. कोंबडी घेऊन तात्या पाठमोरे झाले होते. "तात्या, हाय!" मी म्हटलं.

"नाय ना? बरं झालं," म्हणत ते निघाले.

मी ओरडले. ते तसेच चालत राहिले. परक्याचा कान कशाला लागत होता ते तेव्हा मला कळलं. चुना तुडवत धावले, त्यांचा सदरा ओढला आणि तोंडासमोर जाऊन 'हाय' म्हणून मान डोलावली. तात्यांनी लगेच गुरांच्या डॉक्टरला निरोप धाडला.

माझी गाडी चुकली ती चुकलीच. रोह्याहून डॉक्टर आले. शेडमध्ये अंथरलेल्या ओल्या तुसाचा गारठा निघाला, बया नव्हती. कोरडं तूस पसरून झालं, आणि दुपारी तात्यांनी मला घरात बोलावलं.

काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तात्या कुजबुजले, ते ओटीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"चार महिने झाले, हिचा श्वास मला ऐकू येत नाय गो. पाठीवर हात ठेवून बसतो, तर हातच थरथरतो. हिला सांगू नको. तू ऐक ना."

मी काकूंच्या पाठीला कान लावला. घरघर होती, कोंबडीपेक्षा कितीतरी मोठी. काकू डोळे मिटूनच पुटपुटल्या, "नाय म्हणून सांग ह्यांना. भितात गो ते."

मी वळले. तात्या माझ्या ओठांकडे डोळे लावून उभे होते.

"नाय!" मी ओरडले.

तात्यांनी श्वास सोडला आणि ते खलबत्त्याकडे गेले. मी पुन्हा काकूंच्या पाठीला कान लावला. तो काढायची मला भीती वाटत होती.