शून्यावरचं कुंकू

वजनकाट्याच्या मागची चक्री मी फिरवली. उलटी, दोन किलोंनी, पहाटे पाच वाजता, चोरून. वय वर्षं एकाहत्तर. या वयात माणसाला अक्कल आलेली असते असा माझा समज होता. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो समजही दमून बसलाय.

काटा माझ्या बहिणीच्या नातीचा, वैदेहीचा. तिची आई कुडाळला हायवेवर एकटीनं खानावळ चालवते. कॉलेजसाठी पोरगी आमच्याकडे मुलुंडला राहायला आली, तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्या काखेत हा काटा. लोक गावाहून कोकमं आणतात.

ओळख झाली की पाचव्या मिनिटाला ती विचारायची, "काका, तुम्ही सकाळचे की रात्रीचे?" उत्तर आलं की, "उभे राहा काट्यावर." दूधवाला झाला, इस्त्रीवाला झाला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "खिशात चाव्या आहेत." हिनं चाव्या काढायला लावल्या, मग पाकीट, मग चष्मा. पट्ट्याकडे बोट गेलं तेव्हा ते स्वतःच उतरले.

कॉलेजचा प्रकल्प होता. पहिल्या वर्षाची मुलं झोपतात कधी, उठतात कधी आणि त्यांचं वजन किती बदलतं. ऑगस्टमध्ये तिनं वर्गाला एकदा तोललं होतं, जानेवारीत पुन्हा तोलायचं होतं. "शरीराचं घड्याळ ज्याचं त्याचं असतं गो आजी. भिंतीवर नाय टांगत ते." कुणी शंका काढली की ठरलेलं वाक्य, "काटा खोटं बोलत नाय."

ती स्वतः पक्की रात्रीची. मी सकाळची. साडेचारला उठते आणि रात्री आठला चिवड्याच्या रिकाम्या पिशवीसारखी पडते. माझ्या कॉलेजच्या दिवसांत मी पहाटे उठते म्हणून मिरवायचे आणि दुपारच्या तासाला बाकावर घोरायचे. यातलं दुसरं वैदेहीला कधी सांगितलं नाही.

रात्री बाराला ही ताट वाढून घ्यायची. भात, आमटी, बांगड्याची तुकडी. मोबाईल तांब्याला टेकवून उभा करायचा आणि हसत, कुजबुजत जेवायचं. मी पाणी प्यायला उठले की आवाज आणखी खाली. मला वाटलं, असेल कुणीतरी बाप्या.

दिवाळीत ड्रेस घट्ट झाले. आरशासमोर ती मुकाट ओढणी पसरून घ्यायला लागली. मी संधी साधली. "नऊच्या आत जेवण, दहाला दिवा बंद, पाचला उठायचं. बघ कशी काडी होतेस!"

"चल, प्रयोग करूया," म्हणाली.

दोन आठवडे झाले, काटा हलेना. मला हरायची सवय नाही. म्हणून ती चक्री.

रिकामा काटा शून्याच्या मागे गेलेला तिला दिसायला हवा होता. पण दसऱ्याला मीच पुस्तकांबरोबर काट्यालाही हळदकुंकू वाहिलं होतं आणि बोट टेकलं ते नेमकं काचेवर, शून्यापाशी. ती पुसायला गेली तर मीच ओरडले होते, "पूजेचं आहे, राहू दे!"

"आजी, दोन किलो उतरले!" तिनं माझे गाल ओढले. मग काय, नियम कडक झाला. बाराचं ताट बंद, कुजबूज बंद. पोरगी पाचला उठायची, चहाच्या कपावर डुलायची, उपमा नुसता चिवडायची. इस्त्रीवाल्यालाही काही विचारेना. मला वाटलं, वळण लागतंय.

जानेवारीच्या शेवटी ती कॉलेजातून आली ती काटा छातीशी धरून.

"आजी, वाट लागली. अख्खा वर्ग बारीक झालाय. सकाळचे, रात्रीचे, सगळे! वडापावच्या गाडीवर मुक्काम असलेला नितीनसुद्धा. मॅडम म्हणतात, आकडे घरी बसून लिहिलेस काय? प्रकल्प रद्द करते." मग हळूच, "काटा खोटं बोलत नाय ना गो?"

माझे पाय दुखत होते. खोटं रेटायलाही ताकद लागते, ती उरली नव्हती. "काटा नाही बोलला. मी बोलले," म्हटलं. पदरानं कुंकू पुसलं. काटा शून्याच्या दोन घरं मागे उभा होता.

तिनं चक्री फिरवून काटा शून्यावर आणला. दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात घेऊन गेली. मॅडमसमोर मी गुन्हा कबूल केला. मागे पोरं खिदळत होती, एक म्हणाला, "झकास आजी!" मॅडमनी निकाल दिला, "सगळ्यांना पुन्हा तोला. आजींनी हात मागे बांधून लांब उभं राहायचं." दोन तास तशी उभी होते. नितीनचं वजन वाढलेलं निघालं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या.

परतताना रिक्षात काटा आमच्या दोघींच्या मधे होता.

"वैदू, रागावलीस ना? प्रकल्प वाचला की गं. तुझे दोन किलो तेवढे परत आले."

तिनं काटा मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "वजनाचं काय नाय गो आजी. आई सगळ्यांना वाढून बाराला जेवायला बसते, तेव्हा फोनवर समोर मी असायचे. हे दोन-तीन महिने ती एकटीच जेवली."